गुळव्याचे हात

घाण्यातून निघाला तेव्हा रस पोपटी होता.
काहिलीत उतरेपर्यंत काळवंडला.
आबा म्हणतो, उसाला वारा लागतो.
मी म्हणते, विकर असतं ते, आबा,
टायरोसिनेजच्या भावकीतलं.
"भावकी म्हटल्यावर तोंड काळं करणारच की,"
आणि भेंडीचं पाणी ओततो.
मळी वर येते.

वडणग्याहून सकाळच्या एसटीनं मी विद्यापीठात जाते.
बर्फावर बटाटे वाटते, फडक्यातून गाळते,
काचेच्या चौकोनी नळीत चार थेंब सोडते.
आधी पाणी. मग फिका चहा. मग नारिंगी.
दर मिनिटाचा आकडा वहीत.
या रेणूच्या पोटात तांब्याचे दोन अणू,
शेजारी शेजारी, प्राणवायू धरून बसलेले.
पहिल्या दोन पायऱ्या ते चढवतात,
पुढचा काळोख बराचसा आपापला होतो.

चिरलेल्या बटाट्यात हेच,
म्हशीच्या कातड्यात हेच,
माझ्या पायावर चपलेच्या पट्ट्याबाहेर
उन्हानं जे रंगवलं, त्यात हेच.

आबाच्या हातांत नाही.

चार वर्षांपूर्वी अंगठ्याच्या मुळाशी
जोंधळ्याच्या दाण्याएवढं होतं.
आता दोन्ही हात मनगटापर्यंत,
पिठात बुडवून काढल्यासारखे.
चुलवाणाची झळ, म्हणाले कुणी.
कुणी मागच्या जन्मावर गेले.
मी सांगितलं, रंग करणाऱ्या पेशीच गेल्या,
कारखाना बंद, कामगार कुठं राहणार?
त्यानं एवढंच विचारलं,
"पाकाची गोळी कळंल न्हवं बोटांना?"
कळते.

चुलतभावाच्या लग्नात तो वाढायला उठला
तर काकूनं बुंदीचं पातेलं
हसत हसत काढून घेतलं हातातून.
त्या दिवशी पंगतीत
त्यानेच केलेला गूळ होता पुरणात.

यार्डात हिंदुराव अडत्या रव्याला टोच्या मारतो,
खपली उन्हात धरतो.
"काळा हाय, तातोबा. पावडर टाक की चिमूटभर.
गिऱ्हाईक पिवळा मागतंय."
ती चिमूट मला माहीत आहे.
माझ्या नळीत टाकली
की नारिंगी पुसून जातं,
काही घडलंच नव्हतं असं पाणी उरतं.

आबानं खडा उचलून पुढं केला.
पांढऱ्या बोटांत काळपट गूळ.
हिंदुराव बघत राहिला,
गुळाकडं की बोटांकडं, कळलं नाही.
मग पन्नास कमी लावले.

येताना टेम्पोत, पंचगंगेच्या पुलावर,
आबा एकदम म्हणाला,
"तुझं ते तांबं. किती म्हणालीस?"
दोन अणू, एका रेणूला.
"आमची काहील उचलायला सहा गडी लागत्यात."
थोड्या वेळानं पुन्हा, "दोनच?"
आणि खिशातला खडा काढून
दातानं फोडला,
निम्मा मला दिला.