ड्रमातली मोटर

इतवारीत हसनभाईच्या काट्यावर
ती एकतीस किलो भरली.
पंख्याचं पितळ वेगळं धरू, म्हणाला तो.
मी म्हटलं, नाही, अख्खी द्या. मोडू नका.
सायकलरिक्षात ती माझ्या शेजारी बसून आली,
मान खाली घालून.

"काय हो काका, समुद्र आणून राहिले का नागपुरात?"
फाटकावरून ढोक्यांचा पोरगा.
बरोबर आहे त्याचं.
इथून कुठल्याही दिशेला निघा,
रात्रभराची गाडी धरल्याशिवाय खारा वारा लागत नाही.
आणि अंबाझरीतल्या बदकांच्या होड्यांना
पाय पुरतात.

अजनीच्या शेडमध्ये चौतीस वर्षं
मी शंभर-शंभर टनांची इंजिनं उघडली.
रिटायर झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात
हात स्वयंपाकघरात जाऊन
डबे नीट लावू लागले,
तेव्हा शांता म्हणाली,
"काहीतरी बिघडलेलं आणा हो घरात,
माझ्यात बिघाड शोधू नका."

डिसेंबर. पिस्टन जाम.
प्लगच्या भोकातून डिझेल सोडलं, थोडं रॉकेल,
आणि रोज सकाळी स्वेटरच्या बाह्या सरकवून
फ्लायव्हीलला हात लावून बघायचं,
तापातल्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा.
नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी केसभर.
केसभर म्हणजे किती, ते फिटरला विचारा.

समोरची मुबश्शिरा पॉलिटेक्निकला आहे, दुसऱ्या वर्षाला.
तिची बोटं जातात तिथे माझी जात नाहीत.
गिअरमधून तिने दुधाच्या चहासारखं तेल काढलं.
पंपातून काढलं रबराचं फूल,
पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या, कडक.
"कोरडीच चालवली कुणीतरी, काका."
ती रागावली होती. चांगलं लक्षण.

मग कार्बोरेटर सोडवला.
त्याच्या आणि ब्लॉकच्या मध्ये
कंपनीचं गॅस्केट नव्हतंच.
कुणीतरी लग्नपत्रिका कापून बसवली होती.
बोल्टच्या भोकाभोवती अर्धी अक्षरं,
चि. सौ. कां. आणि पुढे तेलाचा डाग,
"गोरज मुहूर्तावर" पूर्ण,
तारीख कात्रीत गेलेली.
एका नावाचं शेपूट उरलेलं, ली.
वैशाली, रूपाली, अंजली,
दुपारभर आम्ही नावं लावत बसलो.

कुठला घाट असेल, कुठलं धरण,
दुकानं बंद, आणि खिशात एवढाच जाड कागद.
ज्याने कापलं त्याचा हात स्थिर होता.
भोकं माझ्यापेक्षा गोल.
तो लग्नाला पोचला का,
त्याचं मला काही कळलं नाही.
पण त्या कागदाने इतकी वर्षं हवा आत येऊ दिली नव्हती.

नवी शीट सक्करदऱ्यातून आणली, कापली.
बसवायच्या आधी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं,
"जानेवारी. थंडी आठ. पोरगी हुशार आहे."
मुबश्शिराने वाचलं,
पेन्सिल घेतली, खाली तिच्या लिपीत काहीतरी लिहिलं.
मी विचारलं नाही.
आता ते पुढच्या उघडणाऱ्याचं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार, अंगणात निळा ड्रम.
दोरी ओढली.
सतरा वेळा नुसती दोरी.
तर्री-पोहे थंड होऊन राहिले होते.
अठराव्यांदा ती खोकली,
आणि मग काय विचारता,
निळा धूर, काचा थरथर,
ड्रममधलं अर्धं पाणी ढोक्यांच्या पोरावर.
तो पळाला नाही.
बाजूच्या बारक्या भोकातून
तान्ह्या पोरासारखी धार सुटली.
धार आहे म्हणजे पंप आहे,
पंप आहे म्हणजे झालं.

शांता ओरडतच बाहेर आली.
काय ओरडली ते आवाजात ऐकू आलं नाही.
मग तिने पदर खोचला,
गार पडलेली बोटं त्या धारेखाली धरली,
आणि ओठांवरून मला कळलं,
कोमट आहे.