तृतीया विभक्ती

नववी ब. नागरिकशास्त्राची सहामाही.
पागनीसने लिहिलं होतं: राज्यपाल मंत्री नेमतात.
मी अर्धा गुण कापला.
टेबलाशी येऊन भांडला, "बाई, पुस्तकात हेच आहे."
आहे. पण मधे एक शब्द आहे, सल्ल्याने.
मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने.
मराठीही मीच शिकवायची,
म्हणून फळ्यावर वाक्य फोडून दाखवलं:
राज्यपाल कर्ता, मंत्री कर्म,
आणि अख्खं मंत्रिमंडळ लोंबकळतंय
त्या एवढ्याशा 'ने'ला.
वर्ग हसला. पागनीस नाही हसला.

आज रामबागेत, त्याच्या दिवाणखान्यात,
मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर.
तिसऱ्यांदा निवडून आलाय.
बंद गळ्याचा कोट हँगरला, पायात अजून सपाता.
गाडी फाटकाकडे तोंड करून;
भोपाळ चार तास, शपथ उद्या दहाला.
बायकोने दशम्या बांधल्यात, वर शेवेचा पुडा.
मोबाइल चार्जिंगला, वायर पुरत नाही,
म्हणून आमदार भिंतीशी, पाटावर.

नऊला देवासहून साडू.
साडेदहाला कुणीतरी, नळाला पाणी नाही म्हणून.
"उद्या बघतो," म्हणाला. आवाज मंत्र्याचा होता.
सव्वाअकराला टीव्हीवर यादी सरकू लागली,
त्याला चष्मा सापडेना,
मीच वाचली, हजेरी घ्यावी तशी.
अठ्ठाविसाव्या नावाशी थांबले.
खोलीत कुणी 'हजर' म्हणालं नाही.

बऱ्याच वेळाने तो:
"बाई, राज्यपालांना भेटून पाहिलं तर?
सही तर त्यांचीच असते."
अडतीस वर्षं,
आणि पुन्हा तोच शब्द गाळलेला.

मी म्हटलं, दिगू, परवा त्या सभागृहात
नेता निवडताना हात वर केलास ना?
"केला. सगळ्यांनीच केला."
मग त्या 'ने'त थोडी शाई तुझीही आहे.
उत्तर नाही.
उठला, हँगरवरचा कोट काढला,
झटकला, पुन्हा तिथेच लावला,
एक बाही आत दुमडलेली राहिली.
आतून बायकोने विचारलं, जेवणार का.

ड्रायव्हर दारात. "बाईजी, घर छोड़ दूँ?"
नारायणबाग दोन गल्ल्यांवर, चालत आले होते.
तरी बसले.
सीटवर दशम्यांचा डबा, तळाशी अजून कोमट.
समोर टाकीचा काटा
भोपाळपर्यंत भरलेला.