शेऱ्याचा रकाना

आठवडाभर मी धागे तोडते.
बुटीबोरीच्या कारखान्यात, काचेच्या खोलीत,
दोन जबड्यांत धागा धरायचा, बटण दाबायचं
आणि तुटेपर्यंत बघत राहायचं.
काटा थांबला की आकडा रजिस्टरात.
रंग कोणता, तेही.

शनिवारी रिळांचं उरलंसुरलं पिशवीत घेऊन
अर्जुनीच्या पुढे, बोडीच्या पाळीवर उतरते.
बाबा जाळं पसरून बसलेले,
एक टोक पायाच्या अंगठ्यात.
सुताला थुंकी लावून दातांनी ओढून बघतात.
त्यांचं यंत्र ते.

"निळा काहून कच्चा निंगते वो?"

मी रोवण्याचं सांगितलं, दुसरं काही सुचेना.
प्लास्टिकचा रस छिद्रातून येतो तेव्हा
आतल्या साखळ्या अस्ताव्यस्त,
पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत फेकाव्या तशा.
मग ताणायचं. ताणलं की ओळीनं लागतात,
दोरी धरून रोवावं तशा.
ओळ जितकी सरळ, धागा तितका पक्का.
पण निळ्याचा कण म्हणजे घाईची बाई,
दोरी पडायच्या आधीच पऱ्हे खोचून मोकळी.
एक इथे, एक तिथे, हजार जागी
रस गोठतो बारक्या बारक्या गाठींनी.
मग ओढा कितीही,
बसलेलं उठत नाही.

"अन् काळा?"

काजळी ती. नीट घोटली नाही तर
भातातल्या खड्यासारखी,
नेमका तिथंच धागा तुटतो.
घोटली तर ऊन आपल्या अंगावर घेते,
बिनरंगी धाग्याची भुकटी झाली
तरी काळा पाण्यात जात-येत राहतो.

"म्हंजे बिनरंगी सगळ्यात पक्का."
"नवा असेपर्यंत, हो."

बाबा उठले. खुंटीवरून
हातभर निळा तुकडा काढून आणला,
दोन्ही टोकं पिंजलेली.
गेल्या आखाडीची गोष्ट.
पाण्याखाली बाभळीचं खोड, खोडात जाळं,
जाळ्यात दसरूचा पाय.
दोन लाथांत काही झालं नाही.
तिसरीत हा तुटला.
"तुहा बिनरंगी असता तं?"

ते रीळ मीच आणलं होतं.
रजिस्टरात त्याच्यापुढे, माझ्याच अक्षरात: नापास.

"खालच्या घेराले कोणता लावू, सांग.
मासोळीनं तुटू नये. माणसानं तुटला पायजे."

बुडत्या माणसाची लाथ किती किलोची असते,
आमच्या यंत्रावर तसा काटा नाही.
मी पिशवीतून निळं रीळ दिलं.
त्यांनी पुन्हा थुंकी लावून ओढून बघितलं,
माझ्यावर विश्वास आहे, पण तरी.
पलीकडे दसरू बोटऱ्या निवडत होता,
त्याला कशाचं काही नव्हतं.

सोमवारी तोच जबडा.
निळा, तिसरा लॉट. काटा खालीच थांबला.
आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात
पेन टेकवून ठेवला,
तर शाईचा ठिपका कागदात पसरत गेला.
"मॅडम," सुपरवायझर म्हणाले,
"पुढचा लावा."