तळ्यात मळ्यात

ड्रॉवर रिकामा करायचं काम ताईंनी माझ्याकडेच दिलं.
सतरा वर्षांचा स्वीय सहायक मी,
किल्ली कुठे अडते ते मलाच ठाऊक.

वर औषधांच्या पावत्या, आवळ्याची सुपारी,
चष्म्याची एक सुटी काडी.
खाली पिवळं पडलेलं निर्वासितांचं कार्ड.
कराचीहून सुटलेली बोट. माणसं पाच, गाठोडी दोन.
पाचवं माणूस ईश्वरी टेकवाणी,
वय अकरा महिने.

जालन्यात वडील सायकलवर कटपीस विकायचे,
आणि मुलगी मराठी शाळेच्या मैदानात
पहिल्याच दिवशी बाद झाली.
उडी बरोबर पडली होती,
चुकला होता ळ.
'तल्यात' म्हणाली. पोरं खाली बसून हसली.
बाईंनी तिला नेऊन रेघेवर उभं केलं.
"तळ्यात नाही, मळ्यात नाही,
तेव्हाची तिथंच आहे बघा, खंदारे,"
ताई सांगायच्या, आणि सांगताना
ळ असा घोटायच्या की समोरच्याची जीभ दुखावी.

चार वेळच्या आमदाराला त्यांनी पाडलं,
तीनशे बारा मतांनी.
गुलालानं माखलेली आमची पोरं म्हणाली,
आता दाखवा इंगा.
ताई दुसऱ्या दिवशी हरलेल्याच्या घरी गेल्या, चहा घेतला,
अर्ध्यावर राहिलेल्या पुलाची फाईल मागून आणली.
पोरांनी महिनाभर तोंड दाखवलं नाही.

"बाईचे पाय दोन दगडांवर,"
सभागृहात कुणीतरी ओरडलं.
"नदी पायी ओलांडताना अजून कुठे ठेवतात?"
एवढंच बोलल्या, आणि माझ्याकडे पेन मागितलं.

एकाच आठवड्यात त्यांचा पुतळा दोनदा जळाला,
सोमवारी ह्यांनी जाळला, गुरुवारी त्यांनी.
कडबा एकाच दुकानचा.
शुक्रवारी दुकानदार स्वतः आला,
लेकाच्या वसतिगृहासाठी शिफारसपत्र न्यायला.
टाईप मी केलं. सही करताना ताईंनी विचारलं,
"भाव बरा मिळाला ना?"

एक गोष्ट मात्र माझ्या घशात अडकून आहे.
वस्तीतलं ते घर पेटवलं, त्या रात्री
लोक दारात उभे होते, ताईंनी ओरडावं म्हणून.
ताई म्हणाल्या, अहवाल येऊ द्या.
अहवाल आला तीन वर्षांनी,
एकशे चाळीस पानं, सगळं खरं.
तोवर त्या घरची बाई
आमची पायरी चढायची थांबली होती.
मी कधी बोललो नाही.
ती कामून येत नाही,
हे ताईंनीही कधी विचारलं नाही.

ड्रॉवरच्या तळाशी टाचणी लावलेला कागद:
'नियम सातमध्ये "आणि" हा शब्द वगळून
"किंवा" हा शब्द दाखल करावा.'
त्याआधी निराधार बाईला पगार मिळायचा तर
मुलगा नसावा आणि जमीन नसावी.
रात्रीचे अकरा, सभागृहात अठरा जण,
त्यातले चार पेंगत होते.
दुरुस्ती मंजूर झाली. बाक वाजला नाही,
दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ नाही.
बदनापूरची माझी मावशी
त्या एका 'किंवा'वर नऊ वर्षं जेवली.
तिला जमीन नव्हती, मुलगा होता.
होता म्हणजे सुरतेला होता.

या खेपेला ताई उभ्या राहत नाहीत.
दोन्हीकडची माणसं समजूत घालायला आली,
पोहे खाऊन गेली, जिन्यातच दुसरी नावं बोलू लागली.
मी कारण विचारलं.
म्हणाल्या, "हल्ली सभागृहात चहासुद्धा
दोन किटल्यांतून येतो, खंदारे.
एकीतला घेतला की दुसरीवाला ओळख देत नाही."
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
बाहेर काही नव्हतं, एक सळयांचा ट्रक मागे घेत होते.

लेटरहेडचे दोन गठ्ठे शिल्लक निघाले.
"शाळेत द्या. कोऱ्या बाजूला पोरं गणितं करतील."
मी सुतळी बांधत होतो, तेवढ्यात फोन वाजला.
पलीकडून म्हातारा आवाज, घनसावंगीकडचा:
आमदारीणबाई हायेत का?
मी रिसीव्हरवर हात ठेवला, आत बघितलं.
ताई चष्म्याला ती सुटी काडी बसवत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"आमदार नाहीत म्हणावं.
काम काय आहे ते विचारा."