नेढं

बुधवारी दुपारी गिरणीची किल्ली माझ्याकडे असते.
आधी ओढ्याची फळी वर ओढायची.
मग चाक थोडा वेळ विचार करतं
आणि फिरू लागतं,
सांधे धरलेल्या म्हाताऱ्यासारखं
पहिल्या फेऱ्याला शिव्या देत.

पाहुणे येतात तीन-चार. गारठा असेल तर एखादाच.
मी सांगते : इथे सुया घोटायचे.
गोणपाटात साठ हजार सुया, वाळू, मऊ साबण,
घट्ट वळकटी बांधून रुळांखाली
आठवडाभर पुढे-मागे, पुढे-मागे.
रविवारी फक्त देवासाठी चाक थांबायचं,
आणि देवळात म्हणे
कानांतलं चाक कुणाचंच थांबत नसे.

पेटीवर नाव ऑर्डलेचं. छापील, सोनेरी.
पण ऑर्डलेत सुई कधी पुरती जन्मली नाही.
तार तुटायची वेदरली ग्रीनला,
नेढं पडायचं क्रॅबकोटला, डोर्कस मोलच्या परसात,
कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, पायाने दाबायच्या ठोकणीवर.
मग गाढवावरून परत, टेकडी उतरून,
चिखल असेल तर दोन दिवस उशिरा.
तीस हातांतून जायची एक सुई
आणि विचारलं तर प्रत्येक हात म्हणायचा,
मी? मी काय केलं, जरासंच.

टोकं काढायचा ईनॉक पर्क्स,
माझ्या आजीचा आजोबा.
मूठभर तारा तळव्याखाली लोळवत
कोरड्या दगडावर धरायचा.
ठिणग्यांत त्याचा चेहरा सुंदर दिसायचा,
हे आजीला तिच्या आईने सांगितलेलं,
आणि तिला तरी कुणी सांगितलं असेल?
पगार पाद्रीबाबांपेक्षा जास्त.
कोटाला चांदीची बटणं.
तिशीत जिना चढताना मध्येच बसायचा,
बूट बांधायचं निमित्त करून.

दगडाची धूळ, पोलादाची धूळ.
कुणा भल्या माणसाने लोहचुंबकाची जाळी आणली,
तोंडावर बांधायची.
टोकवाल्यांनी ती भट्टीत टाकली.
धूळ गेली की पगारही जाणार,
एवढा हिशेब त्यांना येत होता.

इथे पाहुणे हमखास विचारतात :
मूर्ख होते का हो?
मी म्हणते, चहा आहे मागच्या खोलीत,
बिस्किटं आहेत, डब्यात पैसे टाका.

चर्चच्या वहीत तो एका ओळीत आहे.
ईनॉक, वय एकतीस.
व्यवसायाच्या रकान्यात शाई पसरली आहे.

गेल्या उन्हाळ्यात तळं आटलं.
शंभर वर्षांत कुणी न पाहिलेला तळ
भेगाळून उघडा पडला,
आणि टीगन नावाची एक पोरगी
दोरीला चुंबक बांधून चिखलात मासे धरू लागली.
सायकलची साखळी निघाली, चमचा निघाला,
आणि मग हाताला ओढ बसली, जड.
साळिंदरासारखा एक गोळा वर आला :
फुटलेल्या वळकटीतल्या सुया,
गंजून एकमेकींना धरून बसलेल्या.

आला बाई चुंबक, मी म्हटलं.
तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.
म्हणाली, यांना अजून टोक असेल?

मी गिरणीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.
चाकूच्या मुठीने ठोकत, रॉकेलने भिजवत
संध्याकाळपर्यंत एक सुटी झाली.
टोक होतं. टीगनच्या बोटाने ते आधी शोधलं,
तिने बोट तोंडात घातलं आणि हसली.

दोरा घेतला, ओला केला,
तीन वेळा चुकले.
खिडकीशी नेऊन पाहिलं :
नेढ्यात गाळ वाळून बसला होता,
राखाडी, मोहरीहून बारीक.
मी सुई ओठांजवळ धरली, फुंकर मारली,

आणि मग, का कोण जाणे,
तोंड बाजूला वळवून
पुढचा श्वास घेतला.