मोठ्या नेढ्याची, बारीक अंगाची

स्टीलचा दोरा आहे मावशी, म्हणाली मैथिली,
आणि रीळ माझ्या मांडीवर टाकलं.
राखाडी, केसाळ. दोरा कसला,
तारेच्या घासणीचा शिकूनसवरून आलेला भाचा.

यातून वीज जाते म्हणे.
आणि ती न्यायची दिगंबरच्या रुईच्या बंडीवरून,
खांद्यापासून पाठीपर्यंत, सात दिव्यांत.
मसुराएवढे दिवे, प्रत्येकाला दोन कान, कानाला भोक.
कारण तो पहाटे पाचला दूध आणायला निघतो
माधवगंजच्या कोहऱ्यात
(धुकं म्हणायला हवं, पण धुकं हलकं असतं,
ग्वाल्हेरला जानेवारीत येतो तो कोहराच)
आणि मागच्या सोमवारी टेम्पोवाल्याला तो दिसला नाही,
दुधाची किटली तेवढी दिसली.

सुई कुठली घेऊ, एवढंच विचारायला आली होती.

एवढंच!
बत्तीस वर्षं क्लास चालवला मी नई सडकेवर,
सुईला नुसतं सुई कधी म्हटलं नाही.
बिस्किटांचा डबा उघडला.
नऊ नंबर, झंपरांची: दिव्याच्या कानातून सुळकन गेली,
पण नेढ्यात दोराच घेईना,
टोक पिंजारून बसला हट्टाने.
गोधडीची काढली: दोरा मुकाट आत,
आता सुईच कानाशी अडली.
स्वेटरची बोथट, ती रुईत शिरतच नाही,
नुसत्या ढुशा देते.
"मोठ्या नेढ्याची हवी, पण बारीक अंगाची,"
मैथिली म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.
अशी स्थळं मी पुष्कळ वाचली आहेत.

त्यातून कानामधून एकदा नाही, तीनदा जायचं,
दोऱ्याने धातू घट्ट धरायला हवा.
पहिल्या फेरीला कुणीही जातं.
आधीचे दोन दोरे आत ठाण मांडून बसलेले असताना
तिसऱ्यांदा जी जाते, ती सुई.

सापडली शेवटी कशिद्याच्या पुडीत. लांबट नेढं, टोक शाबूत.
सवयीने दोरा ओठांशी नेला. थुंकी नको!
मेणाकडे हात गेला. मेण नको, वीज अडते!
मग दोरा सुईवर ताणून दुमडला,
चिमटीत धरून घडीच सारली नेढ्यात.
गेला.
हे मात्र तिला माझ्याकडून शिकावं लागलं.

"आता नीट ऐक," ती म्हणाली, अगदी माझ्या क्लासच्या आवाजात,
"हा प्लसचा दोरा, हा मायनसचा.
एकाने दुसऱ्याला शिवायचं नाही."

शिवायचं नाही.
तेराव्या वर्षी ऐकलं होतं हे,
दर महिन्याला चार दिवस, जिन्याखाली.
माणसांना शिवायचं नाही, माठाला शिवायचं नाही,
मग करू काय,
तर एका काकूने लांबून टाकली
सुई, काळा दोरा, फाटका अभ्रा.
शिवायचं नाही म्हणून बसवलं
तिथेच शिवायला शिकले.
मराठी पण काय बाई,
शिव आणि शिवू नकोस, एकाच तोंडाने.

मैथिलीला यातलं काही सांगितलं नाही.
दोन बोटं अंतर राखून दोन रांगा घातल्या,
तीस वर्षांत घातला नसेल असा सरळ धावदोरा.

बॅटरी बसवली. एकही दिवा लागला नाही.
बंडी उलटून चष्मा कपाळावर घेतला.
गाठीचं एक शेपूट, पापणीएवढं,
शेजारच्या रांगेला जाऊन बिलगलं होतं.
कापलं. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब.
सातही लागले.

"आकाशकंदील केलात माझा," दिगंबर कुरकुरला,
आणि घालून निघाला.
दारात उभी राहिले, सुई पदराला टोचलेली,
वीतभर स्टील अजून तिच्यात लोंबत.
पिठाच्या चक्कीपर्यंत सात मसूर,
वळणावर चार, मग दोन.
किटली काही दिसली नाही.