चौतीस टोप्या

दर डिसेंबरात कुडतरीला पार्सल येतं
हॉलंडमधल्या कुठल्याशा गावातून.
तिथल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या वर्षभर विणतात
आणि आमच्या चौतीस जणांसाठी
चौतीस टोप्या पाठवतात.

लोकरीच्या. गोव्यात.
पहिल्या वर्षी मला हसू आवरेना.
सिस्टर पेर्पेतुआकडे पाहिलं, तर तीही तोंड दाबून.
म्हणाली, देवाला भूगोलात किती मार्क होते
कोण जाणे.

मी इथली वहीखात्याची.
सावर्ड्याहून सात-चाळीसची बस,
कपाळाला कुंकू, डब्यात भाकरी.
प्रार्थनेला मागच्या बाकावर बसते,
सगळे उठले की उठते.
एवढ्यावर आमचं बारा वर्षं जमलंय.
पैसे तिकडून येतात, म्हणून वर्षाअखेर
एक तक्ता भरून धाडायचा :
नाव. वय. निदान. औषधं.
आणि शेवटचा रकाना, वर्षभरातली प्रगती.

कायतान, वय त्रेचाळीस.
गेल्या वर्षी बुटाची नाडी बांधायला शिकला.
यंदा विसरला.

एव्फेमिया, वय एकोणीस.
चमचा धरते. आधी शेजारणीला भरवते,
मग स्वतःची निवलेली पेज. 
याला कुठला रकाना?

शाणू. वय अंदाजे.
फोंड्याच्या बाजारात सापडला, नावापुरता.
घंटेची दोरी फक्त त्याच्या हातात शोभते.
घंटा कुणाच्या देवाची
हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

यंदा पार्सल उशिरा आलं, कार्निव्हाल होऊन गेल्यावर.
वर पत्र. सिस्टरने उभ्याउभ्याच वाचलं :
चर्च विकलं, तिथे सायकलींचं दुकान होणार.
विणणाऱ्या अकरा जणींतल्या चार उरल्या.
पैसे जूनपर्यंत येतील. टोप्या मात्र या शेवटच्याच.
आणि तळाशी, वेगळ्या शाईत :
त्यातली एक हेंद्रिकाबाईंची.
त्या आता तुमच्यासारख्याच एका घरात असतात.
मुलाला ओळखत नाहीत, पण सुया दिल्या की हात चालू होतात.
थांबायचं कुठे ते त्यांना कळत नाही.
क्षमा असावी.

ती टोपी आम्ही बाहेर ओढली.
हातभर. दोन हात. पाच हात.
निळी, मध्येच तांबडी, परत निळी,
कुणी तरी अखेर बाहेरून कात्री लावली असावी
अशी संपलेली.

कायतानने ती डोक्यात घातली.
शेपूट व्हरांडाभर लोळलं.
शाणूने दुसरं टोक उचललं, वरातीतल्यासारखं,
आणि दोघं तळ्याच्या बांधापर्यंत जाऊन आले.
मग एव्फेमियाने टोकातून आत हात घातला
खांद्यापर्यंत,
आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.
"गरम आसा," म्हणाली.
एवढं लांब वाक्य तिने याआधी केलं नव्हतं.

तेवढं मी रकान्यात लिहिलं.
कायतानपुढे लिहिलं : शेपटीची टोपी घालून
कुणालाही न पाडता चालतो.
सिस्टरने सही केली. जूनबद्दल ती काही बोलली नाही,
मीही विचारलं नाही.
रात्री तिच्या खोलीतला दिवा मात्र, रखवालदार सांगतो,
पहाटेपर्यंत जळत होता.

उलट टपाली काय पाठवावं?
माडाच्या झावळ्यांचे चार विंझणे,
आमच्याच मुलांनी विणलेले, वाकडे.
"मुलं" म्हणायची सवय. थोरला साठीचा आहे.

मडगावचं पोस्ट, एप्रिल, अकरा वाजलेले.
कायतान सोबत, टोपीचे गळ्याभोवती तीन वेढे.
आत काय? कारकुनाने विचारलं.
विंझणे.
कुठे?
हॉलंड.
त्याने पेन थांबवलं. तिथे थंडी असते ना हो?
असते, मी म्हटलं.
त्याने किंमतीपुढे शून्य लिहिलं, शिक्का मारला,
मग कायतानकडे पाहिलं.
घाम हनुवटीवरून काउंटरवर टपकत होता.
काढ रे बाबा ती टोपी.
"म्हजी," कायतान म्हणाला.

मागे रांग होती, चुळबुळ चाललेली.
कारकून उठला,
आणि आपल्या टेबलावरचा पंखा
त्याने आमच्याकडे वळवला.